सरळ बसवलेलं इंजिन

विमान धावपट्टी सोडून मटाराच्या शेतात चाललं होतं आणि मी साडी खोचून त्याच्यामागे धावत होते. वय साठ, म्हणजे तसं पोरवयच. अक्कल यायला अजून दहा मिनिटं होती.

विमान मॉडेलचं होतं, पण खेळण्यातलं नव्हे. खऱ्या विमानाच्या चौथ्या हिश्शाचं. पंख साडेआठ फूट, ते सुटे करून टेम्पोत घालावे लागायचे. अंग बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचं आणि नाकात पंचावन्न सीसीचं पेट्रोल इंजिन, झाडं कापायच्या करवतीत असतं त्या जातीचं. जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवायचं.

मी आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केलं. यंत्रांना लागणारे साचे आणि हत्यारं तिथे बनतात. केसाच्या जाडीइतकं वाकडं झालं तर माल परत येतो. फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि जबलपुरातल्याच एका खासगी कॉलेजने मला मॉडेल वर्कशॉप चालवायला घेतलं. आठ महिने खपून हे पहिलं विमान तयार केलं. प्राचार्य तिवारीजींनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मैडम, उड़ गया तो वर्कशॉप आपकी. नहीं उड़ा तो कमरा परीक्षा विभाग को दे दूँगा." म्हणजे मी काड्या चिकटवायचे त्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

आता फोरमनबाईंचा पराक्रम ऐका. तेव्हाच्या मला मी फोरमनबाईच म्हणते. 'मी' म्हणायला लाज वाटते.

विमानाच्या नाकात प्लायवुडची एक जाड भिंत असते, तिला फायरवॉल म्हणतात. इंजिन तिच्यावर बोल्टने कसायचं. नकाशात ही भिंत अडीच अंश उजवीकडे वळलेली होती. शिवाय बोल्टांची भोकं मध्यापासून थोडी डावीकडे. फोरमनबाईंनी चष्मा पुसला आणि ठरवलं, नकाशा काढणारा झोपेत होता. एका भिंतीत दोन चुका! बाईंनी भोकं बरोबर मध्यावर पाडली. उजवीकडच्या बोल्टांखाली वॉशर घालून इंजिन नाकासमोर सरळ केलं. केसाइतका फरक दाखवणारं डायल गेज लावून पाहिलं, काटा हलला नाही. त्या आनंदात घरी जाताना बाईंनी जिलबी घेतली.

तर जबलपूरबाहेर पाटनजवळचं ते शेत. थंडीची सकाळ. विमान उडवायला अनिल घाटे आला होता. बँकेत नोकरी करतो आणि रविवारी विमानं उडवतो. घराणं कित्येक पिढ्यांपासून जबलपूरचं, त्यामुळे त्याची मराठी आमच्यासारखीच. त्याने वेग वाढवला आणि विमान डावीकडे ओढायला लागलं. त्याने शेपटीचं सुकाणू उजवीकडे दाबलं, तरी ते डावीकडेच. शेवटी त्याने इंजिन बंद केलं. विमान वेलांत नाक खुपसून थांबलं. नाकापुढचा पंखा शाबूत होता. माझा श्वास नव्हता.

तिवारीजी घड्याळाकडे पाहत होते. अनिल गुडघ्यावर बसला आणि त्याने वरून नाक न्याहाळलं.

"काकू, हे इंजिन सरळ कोणी बसवलं?"

"मी," फोरमनबाई म्हणाल्या. अभिमानाने, बरं का.

"काहून?"

काहून म्हणजे का, आमच्या जबलपुरी मराठीत. अख्ख्या नोकरीत मला कोणी विचारलं नव्हतं की सरळ काहून.

मग त्याने समजावलं. पंखा एका बाजूला जोरात फिरतो, तशी हवा पिळली जाते आणि विमानाचं तोंड डावीकडे वळतं. म्हणून इंजिन आधीच थोडं उजवीकडे तोंड करून बसवतात. आणि तिरपं बसवल्यावर पंखा नेमका मध्यावर यावा, म्हणून भोकं डावीकडे. झोपेत नकाशेवाला नव्हता.

मी पेटी उघडली आणि वॉशर काढले. इंजिन तिरपं झालं, पण माझी भोकं मध्यावर असल्याने पंखा उजवीकडे सरकला आणि नाकावरच्या झाकणाला घासायला लागला. ते झाकण मी तीन हात पिवळा रंग देऊन आरशासारखं केलं होतं. पटकन काढून टाकलं. नाक हलकं झालं म्हणून अनिलने बॅटरी पुढे सरकवली. मग दोघांनी पंखांखाली बोटं लावून विमान उचललं, तोल पाहिला. नाक जरासं खाली झुकलं. असंच हवं असतं.

"मैडम, ऐसे ही? नंगी नाक?" तिवारीजी म्हणाले.

"कटने से तो नंगी अच्छी, सर."

इंजिन पुन्हा सुरू झालं. गवत आडवं पडलं. विमान धावलं, एकदम सरळ, आणि एका क्षणी चाकांखाली उजेड दिसला.

खरं सांगते, त्यातली प्रत्येक काडी मी चिकटवली होती, पंखातल्या कुठल्या फासळीला माझ्या बोटाचं रक्त लागलंय तेही ठाऊक होतं. तरी वर गेल्यावर ते माझं वाटेना. आपोआप झालेल्या एखाद्या गोष्टीसारखं वाटलं, चंद्राबिंद्रासारखं. वळलं तेव्हा पंखांच्या कापडातून ऊन आरपार आलं आणि आतल्या फासळ्या एकेक मोजता आल्या. मटार तोडणाऱ्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. तोंडाला पदर, मान वर. माझ्या हातातला पाना कधी गळून पडला, कळलं नाही. ते वाकडं, नंगं नाक आभाळात सरळ रेघ ओढून राहिलं होतं.

अनिलने अलगद उतरवलं. चाकं दोनदा उसळली आणि थांबली. तिवारीजी बराच वेळ वरच पाहत होते, जिथे आता काहीच नव्हतं. मग म्हणाले, "कमरा रखिए, मैडम."

खोली अजून माझ्याकडेच आहे. त्यानंतर अकरा विमानं झाली, सगळ्यांची इंजिनं तिरपी. ते पिवळं झाकण भिंतीवर लटकतंय, त्यात मी पेन्सिली ठेवते. नकाशात काही वाकडं दिसलं की आधी मोठ्याने 'काहून?' विचारते. उत्तर मिळेपर्यंत ड्रिलला हात लावत नाही. जिलबी मात्र आधीच आणून ठेवते.