बोटीच्या छताचं सोल्युशन

आमचं दुकान गाड्यांच्या सीट कव्हरचं. शिवण माझी, चिकटवणं नवऱ्याचं. जीप, टेम्पो, शाळेच्या बस, सगळं करून झालं होतं, पण बोट कधी केली नव्हती. त्यामुळे पिंपळगावचे एक द्राक्षबागायतदार दुकानात येऊन "बोटीच्या केबिनला आतून अस्तर लावायचंय" म्हणाले, तेव्हा मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलंय ह्यांचं. नाशिकात बोट? पण बोट खरंच होती. जुनी, फायबरची. पाहुण्यांना धरणाच्या पाण्यात फिरवायला घेतलेली. अक्षय्य तृतीयेला ती पाण्यात उतरवायची होती.

अस्तर कोणीही कापेल. खरा घोळ असतो सोल्युशनचा, म्हणजे ज्यानं अस्तर चिकटवायचं त्या गोंदाचा. आमच्याकडे उन्हाळ्यात बंद गाडीचं छत असं तापतं, की साधं पिवळं सोल्युशन पाघळतं आणि कापड सुटून डोक्यावर लोंबायला लागतं. त्या लोंबणाऱ्या छतांवर आमचं निम्मं घर चाललंय, म्हणून मी उन्हाला नावं ठेवत नाही. बोटीत मात्र ऊन वरून आणि ओल खालून. नवऱ्यानं फायबरच्या तीन तुकड्यांवर तीन तऱ्हेच्या सोल्युशननं अस्तराच्या पट्ट्या चिकटवल्या आणि तुकडे दुकानाच्या पत्र्यावर उन्हात टाकले. वरून रोज ओलं फडकं. पाण्यात कालवलेलं, वाफ न सोडणारं पांढरं सोल्युशन ओलीनं सुटलं. साधं पिवळं अपेक्षेप्रमाणे लोंबलं. तिसरं, उष्णता सोसणारं, असं बसलं की ओढता ओढता अस्तर फाटलं पण पट्टी हलली नाही. नवरा शाळेत पहिला आल्यासारखा दुकानभर फिरला.

मी डबा उचलून वाचला. त्यावर जाळाचं चित्र होतं आणि मोकळ्या हवेत वापरा असं लिहिलं होतं.

"बोटीत कुठनं आणणार मोकळी हवा?"

"खिडक्या आहेत की."

"खिडक्या वर आहेत. ह्याची वाफ खाली बसते. गाडीचं दार उघडं ठेवलं की निघून जाते. बोट म्हणजे घमेलं. बाहेरचं पाणी आत येत नाही, तसं आतलं बाहेर कसं जाईल? पांढरंच लावा आणि कडेनं पट्टी ठोका."

"ठोकू? बोटीला भोकं पाडू?"

आठवडाभर आम्ही जेवताना भांडलो. शेवटी तिसरंच ठरलं, पण माझ्या अटींवर. बोटीच्या बॅटरीच्या तारा काढायच्या. पंखा नाही. मोबाइल आणि लायटर माझ्या पर्समध्ये. मध्ये मध्ये बाहेर येऊन श्वास घ्यायचा. त्यानं सगळ्याला हो म्हटलं. हो म्हणण्यात तो पटाईत आहे.

भिंती नीट झाल्या. छत राहिलं, कारण आदल्या दिवशी धरणाच्या काठावर वारा सुटला होता आणि ओल्या सोल्युशनवर धुरळा बसला की काम संपलंच. त्यामुळे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी आम्ही अजून बोटीपाशीच होतो. बोट काठावर ट्रॉलीवर उभी होती, मागे चढायला लोखंडी पायऱ्या लावलेल्या. मालक, त्यांची बायको आणि त्यांची म्हातारी आई पूजेचं सामान घेऊन आले आणि पूजेसाठी घातलेल्या मांडवाखाली बसले. बोटीजवळ आग आणू नका, असं मी मालकांना सांगून ठेवलं. पुन्हा वारा उठला. नवऱ्यानं आतून दोन्ही खिडक्या लावून घेतल्या.

"अहो, खिडक्या!"

"धूळ येतीये. थोडंच राहिलंय."

मी पायऱ्यांखाली बसून कडेची पट्टी कापत होते. कापण्यात लक्ष नव्हतं. थोड्या थोड्या वेळानं मी "अहो" म्हणायची आणि आतून "हं" यायचं. ते "हं" आलं की मी कात्री चालवायची. मग एक "हं" जरा उशिरा आलं. मी हातातलं टाकून म्हटलं, "बाहेर या आता." "आलोच," म्हणाला. आवाज चांगला होता, उलट खुशीतलाच होता. म्हणून मी व्हॅनमधून शेवटचा तुकडा आणायला गेले.

तुकडा घेऊन वळले तर म्हातारी पायऱ्या चढून वर पोचली होती. डोक्यावर पदर, हातात ताट, ताटात पेटलेलं निरांजन. केबिनच्या दाराशी ती आत वाकत होती.

"आजी, थांबा!" मी ओरडले. मी कौतुकानं हाक मारली असं तिला वाटलं असावं. ती माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा आत वाकली.

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. हात धुवायची बादली पायऱ्यांपाशी होती. मी ती उचलली आणि पाणी सगळंच्या सगळं म्हातारीच्या अंगावर फेकलं. निरांजन विझलं. ताट खणखणत खाली आलं, हळदीकुंकवाचा चिखल झाला, आणि नवीन लुगड्यातून पाणी गळत म्हातारी तशीच उभी राहिली.

"अहो बाई, काय केलंत हे!" मालक धावत आले.

मी त्यांना उत्तर दिलं नाही. वर चढून दारातून नवऱ्याचा शर्ट धरला आणि त्याला ओढून काढलं. त्याचे डोळे लाल होते आणि पायऱ्यांवर पाय ठरत नव्हते. खाली येऊन तो ओकला. मालकांनी केबिनमध्ये डोकं घातलं, तसंच खोकत मागे घेतलं, आणि विझलेल्या निरांजनाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

म्हातारी खाली उतरली आणि एवढंच म्हणाली, "दिवा इझला गं माझा. आखाजीच्या दिशी."

माझ्यातली भीती आता कुठे वाट शोधत होती, आणि तिला म्हातारी सापडली. "दिवा परत लावाल. माझा नवरा कुठनं आणून दिला असता? एवढं वय झालं, आत माणूस काम करतोय तेवढं दिसलं नाही? सकाळपासून सांगतेय, बोटीजवळ आग नको!" तिची सून ऐकत होती, मुलगा ऐकत होता. मी थांबले नाही. म्हातारीनं नवऱ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि पदरानं ताट पुसायला लागली.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सगळा दिवसच मुहूर्ताचा, तेव्हा पूजा संध्याकाळवर गेली. खिडक्या सताड उघडल्या. वास पुरता गेल्यावर दुपारी शेवटचा तुकडा मी आणि त्यानं मिळून लावला. निघताना म्हातारीला नमस्कार करायचं मी टाळलं.

परतताना व्हॅन नवरा चालवत होता. मी स्वतःवर खूश होते, का नसावं?

"त्या आजींना फार बोललीस," तो म्हणाला.

"अजून बोलायला हवं होतं."

"त्यांना मीच आत बोलावलं."

मला कळेना. त्यानं गाडी कडेला घेतली. "डोकं हलकं झालं होतं. इतकं बरं वाटत होतं ना, सांगता येत नाही. दारात ताट दिसलं. म्हटलं, आई, आत या, इथंच ओवाळा. त्या म्हणाल्या, नको, तुझं काम चाललंय. मी म्हटलं, या हो. आरती घ्यायला हातही पुढे केला."

तीन तुकडे उन्हात टाकणारा हा माणूस. माझ्या अटीप्रमाणे बॅटरीच्या तारा काढणारा. त्यानंच पेटता दिवा आत बोलावला होता. आणि ते सगळं त्या म्हातारीला माहीत होतं. सुनेसमोर तिनं माझ्या शिव्या खाल्ल्या, अंगावर पाणी घेतलं, पण "तुझ्याच नवऱ्यानं बोलावलं" एवढे तीन शब्द काही बोलली नाही.

"गाडी वळवा," मी म्हटलं.

म्हातारी मांडवाखाली खुर्चीत बसली होती. लुगड्याच्या काठावर हळदीकुंकवाचे डाग तसेच होते. काय बोलायचं ते मी रस्ताभर जुळवत आले होते. पण मी जवळ जायच्या आत तीच घाईघाईनं उठली.

"का गं माघारी आली?" ती म्हणाली. "बरा हाय ना त्यो?"