नातेवाईक आणायला चिचगडला

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी गोंदियाहून आमगावमार्गे देवरी, तिथून दुसऱ्या बसने चिचगड. दुपारी पोचले.

फिरायला गेले नव्हते. वंदनाने आणि मी अनेक वर्षं एका घरात संसार केला. पावसाळ्यात तिला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात नेलं. ऑपरेशनसाठी माझी सही चालली नाही. "मैत्रीण नको, नातेवाईक आणा." तिचा भाऊ चिचगडहून पोचेपर्यंत ती गेली होती. गोंदियाच्या आरोग्य कार्यालयात तक्रार द्यायला गेले, तर तिथले साहेब म्हणाले, तक्रारही नातेवाइकानेच द्यायची. म्हणून हा प्रवास.

जाणार असाल तर देवरीच्या स्टँडवर आलूबोंडा खाऊन घ्या. पुढे बस कमी आहेत. रस्त्याच्या कडेने धानाची कापणी चालू होती, मग जंगल लागलं. एका बाईच्या पिशवीत कोंबडी होती.

"इचं तिकीट?" कंडक्टरने विचारलं.

"बाईच आहे थे. अर्धं काट."

बस हसली. बाईला अर्धं तिकीट, असं सरकारने ठरवलं आणि आठवड्याभरात झालं. ती कोणाची कोण, हे कंडक्टर विचारत नाही. मग दवाखान्यांसाठी एक ओळ लिहायला काय जातं? माणूस ज्याला आपलं म्हणून सांगून ठेवेल, त्याची सही चालेल. एवढंच.

वंदनाचा भाऊ रमेश अंगणात भारे रचत होता. "येतो ना ताई. पण कापणी चालू आहे..."

त्याची बायको आतून म्हणाली, "जिती होती तवा दिवाळीले बोलावलं नाही तिले. आता तं जा. कापणीचं मी पायीन."

रात्री तिथेच राहिले. सकाळी दोघं गोंदियाला आलो. साहेबांसमोर रमेश म्हणाला, "मी भाऊ आहो. पण तिले कोणतं औषध चालत नाही, मले मालूम नोहोतं. या ताईले मालूम होतं. मंग मले कायले बोलावलं?"

"नियम वरून यावा लागतो," साहेब म्हणाले.

"मग वर कळवा," मी म्हटलं. "आत्ता, आमच्यासमोर."

ते म्हणाले, बैठकीत ठेवू. तक्रार रमेशच्या नावाने नोंदली. माझ्या नावापुढे 'परिचित' लिहिलं.

रमेशला बसमध्ये बसवून घरी आले. या प्रवासातून राग तेवढा सोबत आला. तो उतरावा असं मला वाटत नाही. बैठकीच्या दिवशी लागेल. वाटीभर तांदूळ धुतले आणि कुकर लावला.