माझ्या नावासमोर भाजलेल्या भाज्या

माझं लग्न टिकलं तोवर आमच्या ग्रुपच्या यादीत माझ्या नावासमोर मसालेभात असायचा. घटस्फोट झाला आणि पुढच्याच महिन्याच्या यादीत लिहून आलं : पेपर प्लेट्स, ग्लास, टिश्यू.

आम्ही कतारमधली पंधरा-वीस मराठी कुटुंबं महिन्यातून एका शुक्रवारी एकत्र जेवतो. कुणी काय आणायचं ते आठवडाभर आधी फोनवरच्या ग्रुपमध्ये ठरतं. ठरतं म्हणजे लुसैलच्या एक वहिनी ठरवतात. त्यांच्या टॉवरचा पार्टी हॉल आम्हाला मिळतो, म्हणून यादीही त्यांची. बाई कामाची. साठ माणसांचं जेवण एका कागदावर बसवते आणि काही कमी पडू देत नाही.

पहिले दोन-तीन महिने मला त्या प्लेट्समध्ये माया दिसली. नवरा दुसऱ्या कंपनीत नोकरी घेऊन दुबईला निघून गेला होता, मी अल रय्यानमध्ये एका व्हिलाच्या मागच्या खोलीत राहायला आले होते, ऑफिस सांभाळत होते. मला त्रास नको म्हणून हलकं काम दिलं असेल, असं वाटलं. मग सहा महिने झाले. वर्ष झालं. प्लेट्स, ग्लास, टिश्यू. एकदा बदल म्हणून पाण्याचे बॉक्स.

दुसरीही एक गोष्ट बदलली होती. आमच्यात लग्न झालेली प्रत्येक बाई वहिनी असते. मीही सहा वर्षं वहिनी होते. आता मला सगळे मॅडम म्हणायला लागले होते. ऑफिसात मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, तिथेही मला कुणी मॅडम म्हणत नाही.

एका जेवणाला मी लुसैलच्या वहिनींना म्हटलं, “पुढच्या वेळी मी काहीतरी करून आणते.”

“अगं, कशाला? एकटीसाठी तू कुठे एवढं करत असशील?” त्या म्हणाल्या. “सवय सुटते. आणि तुझ्याकडे गॅस तरी आहे का?”

गॅस नव्हता, हे खरं. खोलीच्या मालकाने गॅसला मनाई केली होती. पण आधीचा भाडेकरू जाताना एक विजेचा ओव्हन ठेवून गेला होता, बऱ्यापैकी मोठा. काच काळी झालेली, आतला दिवा गेलेला. पहिल्या आठवड्यात मी त्यावर नुसती मसाल्याची बरणी ठेवायचे. मग एका सुट्टीच्या दिवशी बाहेरचं खाऊन खाऊन वैतागले आणि घरात होतं ते सगळं चिरून त्यात ढकललं. गाजर, कांदा, लाल भोपळ्याची फोड. वरून तेल, मीठ.

माझ्या आयुष्यात तोवर भाजी म्हणजे फोडणी. तेल तापलं, मोहरी तडतडली, मगच भाजीला सुरुवात. नवऱ्याचा तर, भाजीत रस नसेल तर ताटाला हात लावायचा नाही असा नियम होता. भोपळा त्याला चालायचा नाही, रताळं उपासाचं म्हणून बाकी दिवशी चालायचं नाही. सहा वर्षं मी भोपळा विकत घेतला नव्हता. त्या दिवशी ओव्हनमधून काढलेला भोपळा मी उभ्या उभ्या, बोटांनी, ट्रेमधून खाल्ला. कडा काळपट, आतून लोण्यासारखा.

मग मी त्याच्या मागेच लागले. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी फिलिपिनो मैत्रीण डब्यात सोया सॉस आणि साखरेत माखलेलं चिकन आणायची. त्या वासाने माझी भूक चाळवायची. मी तिला विचारलं, हे भाज्यांवर चालेल का? ती म्हणाली, “का नाही चालणार? फक्त शेवटी घाल. आधी घातलंस तर जळेल.”

मी अर्थातच आधी घातलं. ट्रेवर कोळशाचा थर बसला, तो दोन दिवस भिजवून चमच्याने खरवडला. नंतर शिकले. साखरेऐवजी खजुराचा पाक घ्यायला लागले. इथे त्याला दिब्स म्हणतात, कुठल्याही किराणा दुकानात बाटली मिळते, काकवीसारखा काळा आणि दाट. त्यात सोया सॉस, चिंचेचा कोळ, ठेचलेला लसूण आणि आईने पाठवलेलं लाल तिखट. हे सगळं विजेच्या छोट्या शेगडीवर मंद आटवायचं. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं की रेघ राहिली पाहिजे. भाज्या मोठ्या चिरायच्या आणि पुसून कोरड्या करायच्या. ओल्या राहिल्या तर भाजत नाहीत, वाफवल्या जातात. ट्रेमध्ये एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. कडा तपकिरी झाल्या की बाहेर काढून वरून पाक लावायचा आणि पुन्हा आठ-दहा मिनिटं आत. पाक बुडबुडतो, भाजीला धरतो, चकचकीत होतो. शेवटी तीळ.

यात हात बसायला चार महिने लागले. मी दर आठवड्याला करत होते, एकटीसाठी. सवय वगैरे काही सुटली नव्हती.

त्या महिन्याची यादी सोमवारी आली. माझ्या नावासमोर : पेपर प्लेट्स (७०), ग्लास, टिश्यू. मी खाली लिहिलं, “या वेळी मी प्लेट्स आणणार नाही. मी भाजलेल्या भाज्या आणणार आहे, साठ जणांना पुरतील एवढ्या. प्लेट्सचं कृपया दुसऱ्या कुणाला तरी सांगा.”

दोघांनी होकाराचा अंगठा टाकला. वहिनींनी यादी दुरुस्त करून टाकली. माझ्या नावासमोर आता होतं : प्लेट्स, ग्लास, टिश्यू + सॅलड (जमल्यास).

बुधवारी मी पुन्हा लिहिलं. सॅलड नाही, भाजलेल्या भाज्या. प्लेट्स नाही. यावर त्यांचा आवाजी निरोप आला, हसत हसत : “अगं, गंमत करतेस ना? भाज्या आण की, कोण नको म्हणतंय? पण प्लेट्स तुझ्याच आहेत हं. वाटेत कुठेही मिळतील.”

मी उत्तर दिलं, “गंमत नाही वहिनी. प्लेट्स माझ्या नाहीत.”

मला माहीत होतं काय होऊ शकतं. मुद्दाम आठवण करून द्यावी का, हा विचार गुरुवारी संध्याकाळी मनात आला, आणि मी तो बाजूला सारला. दोनदा लिहून आणि एकदा उत्तर देऊन झालं होतं. चौथ्यांदा विनंती करायची माझी इच्छा नव्हती.

शुक्रवारी पहाटे पाचला उठले. ओव्हनमध्ये एका वेळी एकच ट्रे मावायचा, त्यामुळे पाच घाणे काढावे लागले. खोली इतकी तापली की जानेवारीतही एसी लावला. साडेअकरा वाजता दोन मोठे फॉइलचे ट्रे टॉवेलात गुंडाळून टॅक्सीत बसले. एक मांडीवर, एक शेजारच्या सीटवर. टॅक्सीवाला केरळचा होता. तो हिंदीत म्हणाला, “खुशबू अच्छी है मॅडम, शादी है क्या?” मी म्हटलं, “नहीं, झगडा है.” त्याने रेडिओ लावला.

हॉलमध्ये टेबलं मांडून झाली होती. वरण, भात, दोन उसळी, वांग्याचं भरीत, पुऱ्या, श्रीखंड. मी माझे ट्रे शेवटच्या टेबलावर ठेवले आणि झाकण काढलं. वहिनी आल्या, माझ्या हातांकडे पाहिलं, मग मागे, दाराकडे.

“प्लेट्स गाडीत आहेत का?”

“मी आणल्या नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी सोमवारी लिहिलं होतं, बुधवारी लिहिलं होतं, आणि तुमच्या निरोपाला उत्तरही दिलं होतं.”

त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. कुणीतरी म्हणालं, खालच्या सुपरमार्केटातून आणू. पण शुक्रवार, दुपारच्या नमाजाची वेळ. दुकानं एकपर्यंत बंद. साठ माणसं भुकेली, जेवण गरम, आणि खायला एक ताटली नाही.

“एवढं साधं काम होतं,” वहिनी म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण हॉल शांत झाल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. “तुझ्या परिस्थितीचा विचार करून आम्ही तुला सोपं काम देत होतो. तुला जड वाटू नये म्हणून.”

“कसली परिस्थिती?”

“आता ते सगळ्यांसमोर बोलायचं का?”

“बोला ना. सगळ्यांना माहीतच आहे.” मी हात टेबलाच्या कडेवर ठेवले. “वहिनी, मी नवरा सोडलाय. स्वयंपाक सोडलेला नाही. मसालेभात मीच करत होते, तो करत नव्हता.”

मागे कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच थांबलं. वहिनींनी वरणावरचं झाकण उघडून पुन्हा लावलं. त्यांच्या यजमानांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “वरून घरातली ताटं आणतो.” ते आणि आणखी तिघे लिफ्टकडे गेले.

चौदाव्या मजल्यावरून आणि शेजारच्या दोन घरांतून मिळून बावीस ताटं खाली आली. काही स्टीलची, काही काचेची, एक लहान मुलाची कप्प्यांची. आधी मुलं जेवली. मग ताटं धुवायची, मग पुढचे बावीस. हॉलच्या पॅन्ट्रीत एकच सिंक. धुवायला पुरुष उभे राहिले, कारण बायका वाढत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या पॅन्ट्रीत पहिल्यांदा पाहिलं. एक बँकेतले साहेब बाह्या सरसावून ताटं घासत होते आणि दर दोन मिनिटांनी विचारत होते, “अजून किती?”

माझ्या भाज्या सगळ्यांना आवडल्या असं मी म्हणणार नाही. निम्म्या लोकांनी घेतल्याच नाहीत. बाकीच्यांपैकी काहींनी माझ्याकडे न बघता घेतल्या. एका काकूंनी रताळं उचलून विचारलं, “हे गोड आहे की तिखट, नक्की काय समजायचं?” मी म्हटलं, “दोन्ही.” त्यांनी ते ताटाच्या कडेला ठेवलं.

बीडकडचे एक भाऊ दर महिन्याला येतात. ट्रेलर चालवतात, बायको-मुलं गावी. आमच्या यादीत एकट्या पुरुषांसमोर काही लिहिलेलं नसतं. त्यांनी नुसतं यायचं आणि जेवायचं, आणि त्यांचं कुणाला वाईट वाटत नाही. ते माझ्या टेबलाशी उभं राहून तिसऱ्यांदा भोपळा घेत होते.

“ताई, भोपळा असा बी लागतो व्हय? बायकोनं भोपळा केला की मी भांडायचो.”

“आता नका भांडू.”

“न्हाई. पण तिखट कमी पडलंय. खरं सांगतो.”

“पुढच्या वेळी वाढवते,” मी म्हटलं. दिवसभरात माझ्या स्वयंपाकावर स्वयंपाक म्हणून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

निघायच्या आधी पॅन्ट्रीत मी माझे ट्रे धूत होते, तेव्हा वहिनी आत आल्या. दार लोटलं.

“तू मला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलंस.”

“मी तुम्हाला आधी तीनदा सांगितलं होतं. एकदाही तुम्ही मनावर घेतलं नाहीत.”

“मला वाटलं, तू आणशीलच. तू नेहमी आणतेस.”

“म्हणूनच नाही आणल्या.”

त्या बराच वेळ टॉवेलाने एकच काचेचं ताट पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या मनात वाईट नव्हतं.” मला ते खरं वाटलं. तरी मी “असू द्या” म्हटलं नाही. म्हणावंसं वाटलं नाही. ट्रे कोरडे केले आणि निघाले.

त्यानंतर ग्रुपमधली दोन कुटुंबं माझ्याशी बोलत नाहीत. समोर आले तर फोनमध्ये बघतात. पुढच्या यादीत प्लेट्स दर महिन्याला वेगळ्या घराकडे जातील अशी ओळ आली आणि माझ्या नावासमोरची जागा मोकळी होती. मी तिथे स्वतः लिहिलं. अजून दर महिन्याला स्वतःच लिहिते. कधी ट्रे रिकामा होतो, कधी अर्धा परत येतो, मग मी दोन दिवस तेच डब्यात नेते. तिखट वाढवलंय. बाकी काही बदललेलं नाही आणि बदलणारही नाही.

मागच्या महिन्यात एक नवीन मुलगी ग्रुपमध्ये आली. नर्स आहे, लग्न झालेलं नाही. यादीत तिच्या नावासमोर कोल्ड्रिंक होतं. माझं डोकं तापलं. मी लगेच लिहिलं, “तिला विचारलंत का?” वहिनींचं उत्तर आलं, “तूच विचार.”

मी तिला फोन केला. म्हटलं, हे बघ, तुला जे करायचं असेल ते कर, एकटी आहेस म्हणून कुणी बाटल्या आणायला सांगितल्या तर ऐकून घेऊ नकोस, मी आहे तुझ्यासोबत.

तिने माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाली, “ताई, खरं सांगू? मला स्वयंपाक अजिबात आवडत नाही. मला कोल्ड्रिंकच आणायचंय.”

“नक्की?”

“अगदी नक्की.”

“मग कोल्ड्रिंकच आण,” मी म्हटलं, आणि यादीवर तसं लिहिलं : विचारलं. चालेल म्हणाली.