घड्याळकाकांचा खोळंबा

"मी डावीकडे घे म्हणालो होतो."

"तोंडानं डावीकडे म्हणालात. हात उजवीकडे केलात."

"हात तुझ्यासाठी नव्हता."

"मग कुणासाठी होता? होडीवर आपण दोघंच आहोत."

"मागून ती मासेवाल्यांची लाँच येत होती. तिला पुढे जा म्हणून हात दाखवला."

काकूंनी सुकाणूचा दांडा सोडला आणि नवऱ्याकडे नीट बघून घेतलं. "म्हणजे तुम्ही साइड दिलीत. पाण्यात."

"साइड द्यावीच लागते. मागच्याला अडवून ठेवायची पद्धत तुझ्या खात्याची, माझ्या खात्याची नाही."

होडी चिखलात बसली होती आणि बसली होती ती चांगलीच तिरकी. सकाळपर्यंत जी आतली भिंत होती, तिच्यावर आता काका मांडी घालून बसले होते. चहाचं पातेलं घरंगळत जाऊन बुटांच्या शेजारी स्थिरावलं होतं. बटाटे एकेक करून खाली उतरत होते, शेवटच्या स्टॉपवर उतरतात तसे, घाई न करता. भांडी घासायची वेळ झाली की पाहुणे घेतात तसा पाण्यानं काढता पाय घेतला होता, आणि होडीभोवती खेकडे फेऱ्या मारत होते.

"पण मी म्हणतो, माणूस सांगतोय ते ऐकायचं सोडून हाताकडे कोण बघतं?"

"मी बघते. पुलावर तोंडाचं कुणी ऐकत नाही. एक तर गाड्यांचा आवाज, त्यात यंत्राचा. खालचा फाटकवाला हात करायचा आणि मी कळ दाबायची. सगळी नोकरी हातावर झाली माझी."

"इथे तू पुलावर नाहीस."

"आणि तुम्ही बसमध्ये नाही. तरी साइड दिलीतच."

भरती यायला अवकाश आहे आणि होडी काही कुठे जात नाही, तेवढ्यात या दोघांची ओळख करून घेऊ.

काका बस चालवायचे. डेपोत त्यांना घड्याळकाका म्हणत, कारण त्यांची बस कधी चुकायची नाही, लोकच चुकायचे. कोपऱ्यावरचा बेकरीवाला त्यांच्या हॉर्नवर पाव भट्टीतून बाहेर काढायचा. काका एकदा तापानं आजारी पडले तर त्या दिवशीचे पाव करपले, असं बेकरीवाला अजून ऐकवतो. अशा माणसाच्या मार्गात नशिबानं एक उघडणारा पूल ठेवला होता. उंच डोलकाठीची होडी आली की ती खालून भोंगा वाजवायची, एक लांब, एक आखूड. मग फाटक पडायचं, घंटा घणघणायची आणि समोरचा चांगला आडवा रस्ता मधोमध दुभंगून आकाशाकडे तोंड करून उभा राहायचा. काकांची बस त्याच्यापुढे, बापासमोर उभं राहावं तशी, मुकाट.

एके दिवशी काका बस सोडून पुलाच्या लोखंडी जिन्यानं वर गेले, भांडायला. वरच्या काचेच्या खोलीत एक मुलगी होती. समोर कळांची रांग, खिडकीत दोन कुंड्या.

"बाई, माझ्या गाडीत गाडीभर माणसं आहेत."

"खालच्या होडीत एकच आहे," ती कळेवरून नजर न काढता म्हणाली. "पण त्याला ब्रेक नाही."

काकांना उत्तर पुढच्या आठवड्यात सुचलं, म्हणून ते पुन्हा वर गेले. तिच्याकडे दुसरं तयार होतं. असं बरंच चाललं. तक्रारी संपल्या तेव्हा त्यांचं लग्न झालं, आणि लग्नानंतर नव्या तक्रारींची ददात पडली नाही.

काकूंनी सगळी नोकरी होड्या वरून बघितल्या. नावाड्यांचे चेहरे त्यांना ठाऊक नव्हते, टकलं ठाऊक होती. पुलाखालचा तो जलमार्ग किनाऱ्याला धरून जायचा, एका बाजूला जमीन, दुसऱ्या बाजूला वाळूची बेटं, आणि शेवटी कुठेतरी त्याचं तोंड समुद्राला लागायचं. होड्या खालून जायच्या, दीपगृहाच्या वळणावर डोलकाठीचं टोक तेवढं दिसायचं आणि मग तेही नाही. पुढे काय, ते काकूंना कधी कळलं नाही. विचारलं की लोक म्हणत, पुढे समुद्र. ते काय, त्यांनाही माहीत होतं.

म्हणून निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्यांची औषधं घेतात तेव्हा काकूंनी जुनी शिडाची होडी घेतली. शिडं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून वर्षभर चालवायला शिकल्या. होडीच्या पाठीवर स्वतःच्या हातानं नाव रंगवलं, 'सावकाश'.

"हे नाव आहे की पाटी?" काकांनी विचारलं होतं.

"तुम्हाला वाचता येतं तेवढं पुरे."

आणि तरीही काकांनी शब्द दिला होता. येतो म्हणाले, शेवटच्या स्टॉपपर्यंत येतो. काकूंना तेवढंच हवं होतं. वळणापलीकडे बघायचं, आणि बघितल्यावर 'बघितलंत का' असं म्हणायला शेजारी माणूस हवा. नुसतं बघून काय करायचं?

प्रवास मात्र काही सरळ मनाचा निघाला नाही. आधी वारा नव्हता. शीड दांडीवर वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत राहिलं आणि काठावरून चालणारी एक म्हैस त्यांना मागे टाकून गेली. मग वारा आला तो एवढा, की काकांची टोपी समोरच्या बेटावर मुक्कामाला गेली. लहानसं इंजिन होतं, पण ते काकांच्याच हाताला दाद द्यायचं. काकूंनी दोरी ओढली की ते नुसतं खोकायचं.

एक दुपार मात्र अशी आली की वारा मागून, बेताचा, आणि शीड भरलेलं. इंजिन बंद. होडीच्या पोटाखालून पाणी गुणगुणत चाललेलं. आणि काका झोपले. चालत्या वाहनात ते आयुष्यात कधी झोपले नव्हते. दुसरा कुणी चालवत असला की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. त्या दिवशी पाय सैल पडला होता, तोंड उघडं होतं. काकूंनी त्यांच्या डोळ्यांवर पंचा टाकला आणि तासभर सुकाणू असं धरलं, जसं काही मांडीवर पोर झोपलंय. उठल्यावर काका म्हणाले, "डोळे मिटले होते नुसते." काकूंनी पंचा घडी करून ठेवला.

आता तिरक्या होडीत त्यांना तेही बोलून दाखवावंसं वाटलं, पण काकांनी आधीच तोंड उघडलं.

"बास झालं. उद्या ते धक्क्याचं गाव येईल. तिथून मी बसनं घरी जातो."

"तुम्ही शब्द दिला होता."

"वाहनाला दिला होता. हे वाहन नाही. ही वाट बघायची जागा आहे. वाऱ्याची बघा, पाण्याची बघा. अख्खं आयुष्य मी तुझ्या पुलापाशी वाट बघितली, आता निवृत्तीनंतर तेच?"

काकूंनी एक बटाटा उचलला, पुसला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरला.

"मग जा. चावी कुंडीखाली आहे. कुंडीला पाणी घाला."

"आणि तू?"

"मी पुढे. एकटीनं तर एकटीनं. अर्ध्या रस्त्यातून गाडी मागे नेलेली मला नाही आवडत."

"हे वाक्य माझं आहे."

"माहीत आहे. तुम्ही हल्ली वापरत नाही म्हणून घेतलं."

भरती आली. होडीनं अंग सोडवलं, सरळ झाली, आणि सगळे बटाटे आल्या वाटेनं परत गेले. अंधार पडायच्या आत ते धक्क्याला लागले. निजायची जागा होडीच्या निमुळत्या टोकात होती, दोघांची पावलं एकमेकांना लागल्याशिवाय राहत नसत. तशी ती लागली. कुणी काढून घेतली नाहीत.

सकाळी काका पिशवी भरून उभे राहिले.

"पुढे आणखी एक उघडणारा पूल आहे," ते म्हणाले.

"पूल मला शिकवताय?"

"वरून येतो तुला पूल. खालून नाही. पुलाच्या मध्ये वारा पडेल. इंजिन आधीच चालू करून ठेव. चोक अर्धा, दोन झटके, मग चोक बंद, आणि मग..."

"माहीत आहे."

"माहीत असतं तर परवा त्याला शिव्या दिल्या नसत्यास."

"तुमची बस जाईल, अहो."

बस काही गेली नव्हती. उलट काका चढून बसले तरी बसवाला टपरीवर चहा पीत होता. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो अर्धा पेला टाकून आला. काका अगदी पुढच्या सीटवर होते. पहिल्याच वळणावर त्यांचा पाय फळीवर दाबला गेला.

"काका, ब्रेक माझ्याकडे आहे," बसवाला आरशातून म्हणाला.

"मग वापरा की."

"ड्रायव्हर होतात वाटतं?"

"होतो."

"तरीच. आमचे सासरेही ड्रायव्हर होते. त्यांच्याबरोबर जेवायला बसलं तरी घाई व्हायची."

रस्ता खाडीच्या कडेनं चालला होता. काकांनी डोळे मिटून बघितले. झोप कुठली यायला. खिडकीची काच खडखडत होती, मागे कुणीतरी फोनवर जावयाचं कौतुक करत होतं. पूल समोर दिसायला लागला तेव्हा काकांना बरं वाटलं. पूल ओलांडला की नीट, सरळ, काळा रस्ता, थेट घरापर्यंत.

आणि खालून भोंगा वाजला. एक लांब. एक आखूड.

फाटक पडलं, घंटा घणघणायला लागली. बस थांबली. काकांच्या डोळ्यांदेखत रस्ता मधोमध फाटला आणि वर चढू लागला.

"झालं," बसवाल्यानं इंजिन बंद केलं. "एका होडीसाठी एवढी माणसं अडवायची. न्याय आहे का काही?"

"अहो, मला दहाला हजर व्हायचंय," मागून कचेरीची बॅग घेतलेला एक गृहस्थ म्हणाला. "साहेब पुलाचं कारण मानत नाहीत. म्हणतात, आधीच्या बसनं या."

हीच वाक्यं काकांनी इतक्या वर्षांत एवढ्या वेळा म्हटली होती, की आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना आपलाच जुना शर्ट कुणी घालून आल्यासारखं वाटलं. त्यांनी मान वाकडी करून खाली बघितलं. वरून होडी दिसते ती अशी, हे त्यांना आजच कळलं. लाकडाची एक पट्टी, ठिगळाचं शीड, आणि मागे पांढऱ्या केसांचा एक ठिपका.

ठिपका चांगला चालला होता. शीड भरलेलं, रोख सरळ. मग होडी पुलाच्या दोन खांबांच्या मध्ये शिरली आणि शीड खळकन रिकामं झालं. वारा पडला. 'सावकाश' तिथेच उभी राहिली, हळूहळू आडवी झाली आणि पाण्याच्या रेट्यानं बाजूच्या लाकडी खांबाला जाऊन टेकली. लागलं काही नाही, पण डोलकाठी बरोबर पुलाच्या फटीत. आता पूल मिटायचा नाही.

मागच्या गाड्यांनी हॉर्न धरले.

खालून इंजिनाचा आवाज आला. खर्र, आणि बंद. पुन्हा खर्र, पुन्हा बंद.

"चोक," काका स्वतःशीच पुटपुटले.

"काय म्हणालात?" बसवाल्यानं विचारलं.

"काही नाही."

खर्र. बंद. बसमधली सगळी माणसं आता डाव्या खिडक्यांना लागली होती.

"बाईमाणूस आहे हो."

"एकटीच दिसते."

"वय बघा की. घरात बसायचं, तर होडी फिरवतेय."

"मी म्हणते, हिचा नवरा कुठे आहे?" पावांची पिशवी मांडीवर घेतलेल्या बाईंनी विचारलं. कुणा एकाला नाही, सगळ्या बसलाच विचारलं. "असा कसा सोडतो माणूस बायकोला?"

"असेल घरी. पाय वर करून."

लोक हसले. खाली तो पांढरा ठिपका सरळ झाला, कमरेवर हात ठेवला, आणि मान वर करून पुलावरच्या काचेच्या खोलीकडे बघितलं. तिथे बसलेल्या कुणाला तरी हात केला. जरा थांबा, असा. मग पुन्हा वाकून दोरी धरली. काकांना तो हात चांगला ओळखीचा होता. आयुष्यभर त्या हातापुढे त्यांनी बस उभी केली होती, आणि तो हात आज पहिल्यांदाच दुसऱ्याकडे वेळ मागत होता.

काका उठले. पिशवी खांद्याला लावली.

"कुठे निघालात?" बसवाला म्हणाला. "आता होईल की पूल बंद. चालत गेलात तरी पलीकडे नाही जाता यायचं."

काकांनी दाराचा दांडा स्वतःच ओढला. कुठल्या बसचा दांडा कुठे असतो हे त्यांच्या हाताला विचारावं लागत नव्हतं.

"अहो काका, ओळखीच्या आहेत का त्या?"

काका पायरीवरून खाली उतरले. फाटकाला वळसा घालून ते खालच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लोखंडी जिन्याच्या दिशेनं चालायला लागले. मागून एका गाडीनं लांबलचक हॉर्न मारला, तेव्हा त्यांनी मागे न बघता उजवा हात बाहेर काढला आणि तळवा मागच्या सगळ्यांना दाखवला. थांबा. मग जिन्याचा कठडा धरला.