सुगंधानं सही केली नाही

साल दोन हजार अठरा, माझं वय त्र्याहत्तर. या वयात मरणाच्या बातम्या येतात त्या बरोबरीच्या माणसांच्या. मला आली ती सुगंधाची, तीस वर्षांच्या पोरीची. माझ्या धाकट्या भावाची ती एकुलती एक लेक. साधा ताप म्हणून पनवेलच्या दवाखान्यात नेली, ताप डोक्यात चढला आणि... जावयाचा फोन आला तेव्हा मी कुंपणाला तार बांधत होतो. फोन ठेवला आणि पुन्हा तारच बांधत राहिलो. हाताला काहीतरी पाहिजे होतं. महिना उलटला तरी तसंच आहे, एका जागी बसवत नाही. हे लिहायला बसलो तर दोनदा उठून अंगणात जाऊन आलो. मी दुसरीपर्यंत शिकलेला, अक्षर मोठं नि वाकडं येतं. थोरला मुलगा म्हणाला, नाना, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी नको म्हटलं. तो त्याला पाहिजे ते लिहील.

सुगंधाचे आईबाप ती शाळेत असतानाच गेले, ती आमच्याच घरात वाढली. आमचं गाव खाडीकाठचं. बऱ्याचशा जमिनी सरकारनं घेतल्या, थोडी भातशेती राहिली, बदल्यात घराण्याला प्लॉट मिळाला. प्लॉट बिल्डरला द्यायचा तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. आमच्याकडची रीत अशी, की बहिणीला किंवा लेकीला साडी घ्यायची, अंगावर काहीतरी सोन्याचं घालायचं, गोडाधोडाचं जेवण द्यायचं आणि मग तिनं आपला हक्क सोडल्याची सही करायची. सगळ्या गावानं असंच केलं, मीही केलं. माझ्या बहिणीनं हसत सही केली. सुगंधा तेव्हा लहान होती, पण तहसील कचेरीत माझं बोट धरून उभी होती. सगळं बघत होती.

दोन हजार सहाला ती अठराची झाली आणि पनवेलच्या कॉलेजात बी.कॉम.ला गेली. फी मुलींना माफ होती, पण पुस्तकं, मिनिडोर रिक्षाचं भाडं, झेरॉक्स, परीक्षेचे पैसे, रोज काहीतरी निघायचं. मी म्हटलं, लागेल ते माग. ती मागायची नाही. वरच्या वर्गातल्या मुलींकडून जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीला घ्यायची आणि वर्ष संपलं की खालच्या वर्गात विकायची. एका वर्षी अभ्यासक्रमच बदलला. तिच्याकडची पुस्तकं कोणी घेईना आणि नवी घ्यायला हातात काही नाही. तरी माझ्याकडे आली नाही. मग एक दिवस बबन मिनिडोरवाला नाक्यावर चारचौघांत म्हणाला, "नाना, तुमची पुतनी कॉलेजात झाडांना पानी घालते. मालीन झाली का काय?"

सगळे हसले. मी पांढरे कपडे घातले, गळ्यात चेन घातली आणि त्याच्याच मिनिडोरनं कॉलेजात गेलो. ती खरंच हातात पाइप धरून बागेत उभी होती.

"हे काय चाललंय?"

"कमवा आनि शिका, नाना. सकाली बाग, दुपारी लायब्ररी. तासाचे पैसे देतात."

"पाटलाच्या घरातली पोर लोकांच्या बागंत? चल, कुठलं दुकान ते सांग, सगली पुस्तकं आत्ताच्या आत्ता घेऊन देतो."

"नको. तुमी पुस्तकं घेतली का उद्या तहसीलला म्हनाल, पोरीला दिलं. आत्याची सही साडीवर झाली. माझी पुस्तकांवर नाय होनार."

"मग माझ्या घरात जेवतेस ते?"

"तांदूल बाबांच्या वाट्याचा पन हाय," ती म्हणाली आणि पाइप पुढच्या झाडाकडे नेला. माझ्या पायावर पाणी उडालं. तिनं मुद्दाम उडवलं असं मी आजही म्हणतो.

मी हार मानणारा माणूस नाही. थोरल्याची हळद जवळ आली होती. दुकानात जाऊन तिच्या वर्गाची सगळी पुस्तकं नवीकोरी घेतली, वर हळदकुंकू लावलं आणि हळदीच्या मांडवात माइकवाल्याला सांगितलं, आहेर पुकारशील तेव्हा हेही पुकार. त्यानं दणक्यात पुकारलं, "नानांकडून पुतनीला कॉलेजची पुस्तकं!" बेंजोवाल्यांनी एक तुकडा वाजवला. आता एवढ्या गावासमोर नाही म्हणते कशी, बघतो. तिनं नाही म्हटलं नाही. पुढे आली, माझ्या पाया पडली, गठ्ठा घेतला. मला वाटलं, जिंकलो.

लग्नाची गडबड संपली आणि ती एक पुस्तक घेऊन माझ्यासमोर आली. पहिल्या पानावर कॉलेजचा शिक्का, खाली माझ्या धाकट्या भावाचं नाव, 'यांच्या स्मरणार्थ'.

"सगला गठ्ठा कॉलेजच्या बुक बँकेत दिला, बाबांच्या नावानं," ती म्हणाली. "आता मी पन तितूनच वाचायला घेतलंय. परीक्षा झाली का परत करायचं. मग दुसरी कोन तरी वाचल."

"पैसं माझं आनि नाव त्याचं?"

"तुमीच माइकवर सांगितलंत ना, पुतनीला दिली म्हनून? पुतनीची झाली. पुतनीनं काय पन करावं."

पुढे कितीतरी दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती मात्र बोलायची, येता-जाता, नाना चहा झाला का, नाना गोळी घेतली का. पुढच्या वर्षी ती पुस्तकं उरणकडच्या एका कोळ्याच्या मुलीनं नेली, हेही मला मुद्दाम येऊन सांगितलं. मी हूं म्हटलं. ती बी.कॉम. झाली, पुढे शिकली, पनवेलच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. लग्न झालं, ओवी झाली. प्लॉट तसाच पडून राहिला, त्यावर बाभळी उगवल्या. बिल्डर यायचा, मुलं मला टोचायची, मी तिला निरोप धाडायचा. तिचं उत्तर ठरलेलं, "माझ्या नावानं माझा वाटा ठेवा, मग बाकीच्यांचं काय पन करा." मी चुकलो असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. गावाची रीत मी काढली नव्हती. पण हेही लिहितो, की आमच्या घरात माझ्याशी शेवटपर्यंत भांडलं असं तेवढं एकच माणूस होतं. बाकीचे सगळे हो म्हणतात आणि मागून करायचं तेच करतात...

परवा थोरला जेवताना म्हणाला, "नाना, आता सोपं झालंय. जावयाच्या डोक्यावर दवाखान्याचं बिल हाय. ते आपन भरू, सही घेऊ. साधा मानूस हाय, तो काय बोलनार?"

"कोनाचं बिल भरतोस?"

"आपल्या सुगंधाचं, दुसरं कोनाचं?"

ताटावरून उठलो, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. सून म्हणाली, नाना, पोटात दुखतंय का? मी पुन्हा अंगणात गेलो. पाइप धरलेली ती पोर दिसत होती आणि माझ्या पायाशी पाणी. बहिणीची सही साडीवर झाली, हिची पुस्तकांवर झाली नाही, आता मरणावर घेणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मिनिडोरनं पनवेलला गेलो. जावई ओवीची वेणी घालत होता, त्याला जमत नव्हती. म्हटलं, "पोरं येतील. बिल भरतो म्हनतील. त्यांना चा पाज आनि सही करू नको. आनि आता तिचा मृत्यूचा दाखला घे, पोरीला घे, चल." त्यानं वेणी अर्धीच सोडली आणि कागदांची पिशवी काढली. आम्ही तिघं तलाठ्याच्या ऑफिसला गेलो, सुगंधाची वारस म्हणून ओवीचं नाव लावायला. ऑफिस उघडायचं होतं. ती दोघं बाहेरच्या बाकावर बसली. मी दाराला लागूनच उभा राहिलो.