पखवाजाची कणीक

आज कणीक मळताना ओल्या पिठाचा वास आला आणि बहात्तरच्या दुष्काळातली बेलापूरजवळची आमची शाळा आठवली. मी तिथे नवी शिक्षिका होते. गणिताचे देवकर सर शाळा सुटली की वर्गात पखवाज वाजवत बसायचे. त्या वर्षी निम्मी मुलं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि पखवाज बंद झाला.

"सर, हल्ली वाजवत नाही?"

"बाई, त्याच्या डाव्या अंगाला कणीक लावावी लागती. पोरं उपाशी असताना कशी लावू?"

मग डोळे मिटून ते टेबलावरच बोटांनी वाजवू लागले. मी फार दमले होते. म्हणाले, "सर, कुलूप लावायचंय." ते उठले.

आता वाटतं, घटकाभर ऐकत बसायला हवं होतं.