आमच्या पार्किंगमधला उंबरा

आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी शेवंतीचा मळा होता. त्याआधी नुसतं रान. चांदवडकडून आलेल्या एका माळ्याने त्या रानात पहिलं घर बांधलं. जमिनीची जुनी कागदपत्रं चाळताना कमिटीला हे कळलं आणि कमिटीला इतिहासाचं भरतं आलं. काळ्या दगडावर मजकूर कोरून घेतला : ‘या जागी या वस्तीच्या पहिल्या रहिवाशाचे घर होते.’ मजकूर माझा. ‘या जागी’ हे शब्द मी मुद्दाम, वजनासाठी घातले होते. दगड गेटच्या भिंतीत बसवला, त्याला हार घातला आणि रविवारी सकाळी उद्घाटनाला त्या माळ्याच्या नातवालाच बोलावलं.

नातू म्हणजे ऐंशीला टेकलेले गृहस्थ. पांढरी टोपी, हातात काठी. त्यांनी पडदा सारला, मजकूर माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “हितं तर उकिरडा व्हता.”

अध्यक्ष कसनुसे हसले. “बाबा, जरा नीट आठवून बघा.”

“आठवायचं काय त्यात? पावसाळ्यात पाणी हितंच तुंबतं ना तुमचं?”

तुंबतं. दरवर्षी, घोट्याच्या वर.

“मग! घर वरच्या अंगाला, उकिरडा उताराला. म्हंजी खताचं पाणी आपसूक खाली शेवंतीत जातंय. आन् तुम्ही आमच्या आज्याला उकिरड्यावर बसवलं. वर हार घातला!”

मी पोट धरून हसलो. दगडावरची अक्षरं कुणाची, याची बायकोने कोपराने आठवण करून दिल्यावर थांबलो.

म्हातारबाबा मात्र हसले नव्हते. “मी हाय तवर जागा दुरुस्त करा,” ते म्हणाले. “माझ्यामागं सांगणारं कुनी नाय. उद्या पोरं म्हनतील, दगडावर हाय तेच खरं.”

मळ्याची जुनी विहीर बुजवून तिच्यावर पंपाची खोली बांधली आहे, एवढं आम्हाला ठाऊक होतं. बाबांनी त्या खोलीला पाठ लावली आणि पावलं मोजत निघाले. मागे आम्ही सगळे, अध्यक्षांच्या हातात अजून न फोडलेला नारळ. अठराव्या पावलाला काठी एका गाडीच्या बॉनेटवर टेकली.

“हा उंबरा. गाडी कुनाची?”

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढा आनंद मी त्यांना आजवर कधी दिला नव्हता. त्या जागेसाठी मी तीन मीटिंगा भांडलो होतो.

“बाबा,” मी गोड आवाजात म्हणालो, “तुम्ही तेव्हा लहान होता. पावलं लहान पडत असतील. घर जरा अलीकडे धरू या का?” अलीकडे अध्यक्षांची गाडी होती.

“पावलं माझी नाय, आज्याची. बापानं मला चालून दाखवली हायेत. काढ गाडी.”

काढली. दुसरं काय करणार?

रिकाम्या फरशीवर तेलाचा एक डाग होता. बाबांनी त्याच्या अलीकडे चपला काढल्या, कंबरेत वाकले आणि पलीकडे जाऊन सरळ झाले. मग वळून आम्हाला म्हणाले, “या की आत. भाईर का उभे?”

आधी अध्यक्षांनी बूट काढले, मग आम्ही. बाबांनी चूल दाखवली, पाणी ठेवायची जागा दाखवली, आजी शेवंतीच्या माळा करत बसायची तो कोपरा दाखवला. तिथे आता विजेचे मीटर आहेत.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने दगड तिथल्या खांबावर हलवला. माझी गाडी तेव्हापासून रस्त्यावर असते. गवंडी दगड डोळ्यांच्या उंचीवर लावत होता, पण बाबांनी त्याला थांबवलं. दार ठेंगणं होतं, म्हणाले, आणि काठीने कंबरेएवढी खूण केली. त्यामुळे मजकूर वाचायचा तर वाकावं लागतं.